चन्नक्काचा फाडलेला कोबी

सोलापूरच्या भवानी पेठेत चन्नक्काकडे पाहुणे आलेत हे कळायला तिच्या दारात डोकवावं लागत नसे. गल्लीत पहिला ठसका उठला की समजायचं. आधी समोरचे पेन्शनर मास्तर खोकायचे. मग पलीकडचा विणकर माग थांबवून शिंकायचा आणि तेलुगूत दोन शब्द बोलायचा. त्या शब्दांचा अर्थ आम्हाला कधी कुणी सांगितला नाही, पण तो कळायचा. मग कुणाचं तरी पोर भोकाड पसरायचं. चन्नक्कानं कढईत सुक्या मिरच्या टाकल्या, एवढंच झालेलं असायचं.

मी लग्न होऊन करकंबहून त्या गल्लीत आले आणि पहिल्याच आठवड्यात हा प्रसंग माझ्यावर गुदरला. शेजारी आग लागली अशा समजुतीनं मी पाण्यानं भरलेली कळशी घेऊन धावले. आग होती, पण चुलीत. परसात दगड रचून कमरेइतकी उंच केलेली चूल, चुलीत तुराट्यांचा हा भडका, आणि पुढे हाडापेरानं मोठी एक बाई. पदर खोचलेला, कपाळावरची विभूती घामानं नाकापर्यंत आलेली, हातात लांब दांड्याची कढई. तिनं माझ्याकडे बघितलं, कळशीकडे बघितलं.

"वतलीस ह्यात पाणी तर तुलाच तळीन," ती म्हणाली. "ती ताटली घे. खा आदी, मग बोल."

मी खाल्लं. मग बराच वेळ मला बोलताच आलं नाही. कळशीतलं पाणी मीच प्यायले.

त्या दिवसापासून ती मला 'करकंबी' म्हणू लागली. मी तिला 'तुम्ही' म्हणायचे, तर एक दिवस म्हणाली, "मी काय मामलेदार हाय का तुमी म्हणायला? अक्का म्हण आन् तू म्हण." चन्नक्का माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठी असेल. पण पेठेतली लहानथोर सगळी माणसं तिला अक्काच म्हणायची.

आता तो पदार्थ म्हणाल तर काय होता? कोबी. सोलापूरच्या मंडईत ढिगानं मिळणारा, आपण हरभऱ्याची डाळ घालून ज्याची निमूटपणे भाजी करतो तोच. पण चन्नक्का त्याला विळी लावू द्यायची नाही. पानं हातानं फाडायची. "चिरलं की पाणी सुटतंय, फाडलं की न्हाई सुटत," असं तिचं म्हणणं. तेलातून धूर निघाला की मूठभर सुक्या मिरच्या, ठेचलेला लसूण, मग कोबी, मग एका बाटलीतलं काळं पाणी, मीठ, आणि शेवटी तळलेले अख्खे शेंगदाणे. कढई दोनचार वेळा उडवायची आणि उतरवायची. पान तोंडात घालून पहिली पिंक टाकेपर्यंत पदार्थ तयार. एका वेळी चौघांपुरताच करायचा, जास्त नाही. आणि ताटलीत पडल्या क्षणी खायचा. तिच्या मते फुंकून पहिला घास घेतला त्यालाच हा कोबी मिळाला. थांबून खाणाऱ्याला नुसती भाजी मिळते आणि ती त्याच्या लायकीची असते.

कढई तिनं रस्त्याकडेला पाल ठोकलेल्या घिसाड्यासमोर बसून बनवून घेतली होती. बुड गोल पाहिजे, दांडा लांब पाहिजे, पत्रा पातळ पाहिजे. घिसाडी वैतागून म्हणाला, "बाई, ही कढई हाय का पळी?" चन्नक्का म्हणाली, "दोन्ही. तू ठोक."

परसाच्या दारात एक बाज असायची आणि बाजेवर अव्वा, म्हणजे चन्नक्काची सासू. तोंडात दात एकही उरला नव्हता, पण त्यावाचून अव्वाचं अडत नव्हतं. माणसं ती जिभेनंच चावायची. एरवी मराठी बोलायची. कानडी देवाशी आणि रागाच्या वेळी. कोबी चिनी पद्धतीचा हे तिला ठाऊक होतं, म्हणून त्याला तिनं कधी तोंड लावलं नाही.

"ज्यांनी आपल्या मुलखावर चाल केली त्यांची भाजी आमच्या घरात?"

"चाल माणसांनी केली अव्वा, कोबीनं न्हाई केली."

मग कढई उतरली की अव्वा बाजेवरूनच नाक वर करून वास घ्यायची आणि म्हणायची, "मीठ कमी हाय." दर वेळी हेच. चन्नक्का पेटलेल्या चुलीपेक्षा जास्त पेटायची. "तोंडात घातलं न्हाई आन् मीठ कमी!"

"वासावरनं कळतंय," असं म्हणून अव्वा कुशीवर वळायची.

मला एक गोष्ट कळायला जरा वेळ लागला. चन्नक्का सगळ्या जगाला गरम खा म्हणून ओरडायची, पण स्वतः कधी गरम खायची नाही. पाहुणे उठले, भांडी विसळली की मग ती कढईतलं खरवडून घ्यायची. कोबी मऊ पडलेला, शेंगदाणे सादळलेले. त्यात कडक भाकरी मोडून चुरायची आणि पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायची. एकदा मी विचारलं, तेव्हा राख काढता काढता तिनं सांगितलं.

तिचे यजमान शिवप्पाअण्णा चादरींच्या व्यापारातले. लग्नानंतर अण्णांना त्यांच्या काकांनी कलकत्त्याच्या दुकानावर धाडलं. एका चाळीत वरच्या मजल्यावर ही दोघं आणि खाली एक चिनी जोडपं. तो बूट शिवायचा. ("अव्वाला एवढंच म्हाईत हाय की खाली चिनी ऱ्हायचे. बुटाचं सांगशील तर बघ.") तिथं चन्नक्काचं पहिलं बाळ पोटातच गेलं. अण्णा सकाळी दुकानात जायचे आणि ही भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवणखाण बंद. गावाला कळवायचीही हिंमत नव्हती.

"एक दिवस ती खालची बाई ह्या कोबीची कढई घेऊन जिना चढून वर आली की गं. तिचं मला कळत न्हाई, माजं तिला कळत न्हाई. दंडाला धरून उठवलं, भिताडाला टेकवून बसवलं. ताटली म्होरं ठिवली आन् कमरंवर हात दिऊन हुबी ऱ्हायली. मी खाईना म्हटल्यावर वरडली. काय वरडली देव जाणं, पण शिवी हुती. शिवीला भाषा लागती व्हय? मग खाल्लं. तिखटानं डोळ्यातनं पाणी आलं आन् ते थांबंचना. तवाच रडून घेतलं बघ सगळं. ती हुबीच. ताटली संपंस्तवर हुबी."

तिनं राखेचं घमेलं बाजूला ठेवलं.

"माज्यापुढं कुणी तसं हुबं ऱ्हायलं न्हाई. आदी न्हाई, नंतर न्हाई. शंभर जणांना गरम घालीन मी. पण करणारीला कोण घालणार? कढईला हात आन् ताटापुढं मांडी, एका बाईला दोन्ही कसं जमंल?"

तिचं मागणं काही फार मोठं नव्हतं. कुणीतरी एकदा तिला बसवून तो कोबी गरम गरम वाढावा, बस्स. मी छातीठोकपणे म्हणाले, मी करते. केलाही. माझ्या हातून मिरच्या करपल्या, कोबीला पाणी सुटलं, शेंगदाणे त्यात पोहायला लागले. चन्नक्कानं ताटलीत बोट बुडवून बघितलं. "ही भाजी न्हाई करकंबी. कोबीची आंगुळ हाय."

अण्णांनाही तिनं एकदा चुलीपुढं उभं केलं होतं. अण्णा खाण्याचे मोठे शौकीन, त्यामुळे आले उत्साहानं, धोतराचा सोगा खोचून. पहिल्या मूठभर मिरच्या तेलात पडल्या आणि अण्णा जे मागच्या मागं फिरले ते अव्वाच्या बाजेवर आदळून थेट नळाखाली. अंघोळ करूनच आत आले. "ज्याचं काम त्यानं करावं," म्हणाले. "तू कर. खायचं काम मी निभावतो."

मग उरले पाहुणे. त्यांचा काही उपयोग नव्हता. ते फक्त खायचे, आणि तेही वेळेवर नाही.

काळ्या बाटलीचीच गोष्ट घ्या. ती बाटली ट्रकवाला रहीमचाचा कलकत्त्याच्या फेरीत आणून द्यायचा. "लेव अक्का, तुमारी काली बोतल. पूरा रस्ता गोद में लेको आया मैं," असं म्हणून तो ती तान्ह्या पोरासारखी तिच्या हाती सोपवायचा. पेठेत मात्र बोभाटा झाला की बाटलीत बेडकाचं रक्त आहे. लिंगायताच्या घरात बेडूक म्हणजे काय गोष्ट झाली का? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या, वाण घेतलं, कुंकू लावून घेतलं आणि ताटल्या समोर आल्या तसे हात आखडले. एकीचा उपास होता, दुसरीच्या पोटात दुखत होतं. चन्नक्कानं बाटली आणली, तळहातावर धार धरली आणि सगळ्यांदेखत चाटली.

"सोयाबीनचं पाणी हाय. बेडूक असता तर मी आत्ता उडी मारली असती," ती म्हणाली, आणि जागच्या जागी तिनं अशी धाडकन उडी मारली की चार बायका किंचाळल्या आणि एकीचं वाण सांडलं. मग सगळ्यांनी खाल्लं. उपासवालीनं दोनदा घेतलं. पण तोवर गार झालं होतं याचंच चन्नक्काला जास्त दुःख.

सगळ्यात मोठा तमाशा झाला तो गड्ड्याच्या जत्रेला. बाहेरगावचे पाहुणे, ओसरीवर पुरुषांची पंगत, मध्यभागी मठातले एक वयोवृद्ध अय्यास्वामी. पंगतीचा नियम तुम्हाला माहीत आहेच. शेवटच्या पानापर्यंत वाढून व्हायचं, मग श्लोक, मग 'हर हर महादेव', आणि मगच कुणी घास उचलायचा. कढई चौघांपुरती आणि पंगत चाळीसांची. चन्नक्कानं पहिल्या चौघांना वाढून 'खावा' म्हटलं, तर चौघं हात जोडून बसलेले. दुसऱ्या कढईला तसंच. अय्यास्वामींनी तर डोळे मिटून श्लोक सुरू केला, आणि स्वामींचे श्लोक सुरू झाले की मग ते संपायचं नाव घेत नसत. चन्नक्का कढई हातात घेऊन दारात उभी. एक श्लोक झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला ती बोललीच.

"स्वामी, देवाला गार चालतंय. ह्याला न्हाई चालत. तुमी खावा, देवाला मी सांगते."

अण्णांनी मान खाली घातली ती पानाला टेकायचीच बाकी होती. आतून अव्वाचा कानडीतला पट्टा सुरू झाला, म्हणजे ती देवाशी तरी बोलत होती किंवा रागावली तरी होती. स्वामींनी एक डोळा उघडला. चन्नक्काकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, उरलेला श्लोक गिळला आणि घास घेतला. मग त्यांना उचकी लागली. दोन तांबे पाणी झाल्यावर ते म्हणाले, "अजून हाय का?" पुढच्या जत्रेला स्वामी आले तेव्हा त्यांनी एकच श्लोक म्हटला, तोही घाईघाईत.

अव्वानं मात्र या अपमानाचा सूड घ्यायचं मनात ठेवलं असावं. चन्नक्काची एकुलती एक लेक अक्कलकोटला दिली होती. तिच्या सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला आली तेव्हाची गोष्ट. सगळी तयारी झाली होती, चन्नक्का पातळ बदलायला आत गेली. तेवढ्यात अव्वाची नजर तळून ठेवलेल्या शेंगदाण्यांवर पडली. सोलापूरच्या घरात अख्खा शेंगदाणा म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. सुनेला विसर पडला असं समजून, किंवा सगळं समजूनही, अव्वानं खलबत्ता ओढला आणि सगळ्याचा छान तेलकट कूट करून ठेवला. वर तिखटही घातलं. चन्नक्का बाहेर आली तेव्हा वेळ गेली होती. पाहुणे बसलेले, तेल तापलेलं. डोळे मिटून तिनं तो कूट कढईत ओतला.

पाहुणे खूश झाले. विहीणबाईंनी तीन वेळा मागून घेतलं. "आजवर लई कोबी खाल्ला, पण असला न्हाई. कूट काय मस्त लागालाय!" त्यांनी कृतीसुद्धा विचारली. चन्नक्का चेहऱ्यावर हसू ठेवून उभी होती, पण तिचा हात कढईच्या दांड्यावर असा आवळलेला की मला त्या दांड्याची काळजी वाटली. त्यानंतर आठवडाभर ती सासूशी बोलली नाही. निरोप माझ्यामार्फत जायचे. "करकंबी, सांग तिला, चा झालाय." अव्वा दोन हातांवरच बसलेली असायची. "तिला सांग, ऐकू आलं. साखर जास्त घाल म्हणावं."

मग आमच्या ह्यांना श्रीपूरच्या साखर कारखान्यात नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड हलायचं ठरलं. चन्नक्कानं जाहीर केलं, गल्लीचं जेवण माझ्याकडे, निरोपाचं. कोबी, दुसरं काही नाही. आणि जेवण दोन दिवसांवर आलं असताना कढई उडवताना तिचं उजवं मनगट लचकलं. हाडवैद्यानं लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या आणि हात गळ्यात अडकवून दिला. "कढई उचलायची नाही, लाटणंसुद्धा नाही," म्हणाला. चन्नक्कानं त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ठरलेल्या दिवशी माणसं तर आलीच. मास्तर आले, विणकर बायकोला घेऊन आला, रहीमचाचाही आला. चन्नक्का परसात ज्वारीच्या पोत्यावर बसून होती, हात गळ्यात.

"झुणका चालेल की गं अक्का," मी म्हणाले.

"तुला चालंल. मला न्हाई चालत. तू जाणार. परत कुणाला करून घालू मी? आन् हा हात असला."

तेवढ्यात बाज करकरली. अव्वा उठली होती. तिनं लुगड्याचा ओचा खोचला, पदराचं टोक नाकातोंडावर बांधलं आणि चुलीपाशी येऊन सुनेला म्हणाली, "सरक."

बाजेखालून तिनं एक टोपली ओढली. वर ओलं फडकं, खाली फाडलेला कोबी. म्हातारी दुपारभर डुलकी काढते आहे असं आम्ही समजत होतो, तेव्हा ती चादरीखाली कोबी फाडत होती. तिनं तुराट्या सारल्या, भडका केला, तेलातून धूर निघायची वाट बघितली. मिरच्या टाकल्या तशी गल्ली खोकली, मास्तरांपासून क्रमानं. इतकी वर्षं बाजेवरून नावं ठेवता ठेवता बाईनं एक बारकावा सोडला नव्हता. शेंगदाण्यांची वाटी हातात घेतली तेव्हा चन्नक्का पोत्यावरून पुढे वाकली, कारण खलबत्ता शेजारीच होता. अव्वानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि शेंगदाणे अख्खे टाकले. पहिली ताटली भरली.

चन्नक्का सवयीनं उठली आणि डाव्या हातानं ताटली घ्यायला लागली. ओसरीवर पंगत बसली होती.

"कुटं चाललीस? कुंद्रु."

कुंद्रु म्हणजे बस. अव्वा कानडीवर आली होती.

"अव्वा, पाहुणे खोळंबल्यात."

"खोळंबू देत. कुंद्रु म्हटलं न्हवं?" अव्वानं तिला खांद्याला धरून पोत्यावर परत बसवलं, ताटली तिच्या मांडीवर ठेवली आणि कमरेवर हात देऊन समोर उभी राहिली. "त्या बूटवाल्याच्या बायकूनं हुबं ऱ्हावं, आन् सासूनं बाजंवर पडून ऱ्हावं व्हय?"

चन्नक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण बाज परसाच्या दारातच असायची, आणि अव्वाचे फक्त दात गेले होते, कान नव्हे.

"डाव्या हातानं कसं खाऊ?"

"खा डाव्यानं. देवाला मी सांगते."

चन्नक्कानं फुंकलं आणि घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ती तसंच खात राहिली. ओसरीवरून मास्तरांनी "काय झालं?" म्हणून विचारलं. अव्वा हललीच नाही. ताटली रिकामी होईपर्यंत उभी राहिली.

चन्नक्कानं शेवटचा शेंगदाणा चावला, नाक ओढलं आणि वर बघितलं.

"मीठ कमी हाय, अव्वा."

अव्वानं कानडीत एक सणसणीत शिवी हासडली. चन्नक्का हसली आणि रिकामी ताटली तिनं परत पुढे धरली. अव्वानं दुसरी कढई चढवली, तीही तिच्यासाठीच.

त्या दिवशी सत्काराची पाहुणी मी होते. माझ्या पानात कोबी पडला तेव्हा तो चांगलाच गार झाला होता. मीठ बरोबर होतं.